लेकरांच्या शिक्षणाची पुंजी आणि सरकारचा वाटा

मे-जून महिना आला की आपल्या सीमाभागातील घराघरांत दोन विषय हमखास निघतात. मुलाला प्रवेश कुठे मिळतो हा पहिला, आणि पैसे कुठून उभे करायचे हा दुसरा. पहिल्यावर शेजारी-पाजारी, मामा-काका, शिकवणीचे सर असे सगळे बोलतात. दुसऱ्यावर नवरा-बायको रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. तिसरा एक विषय मात्र कोणीच काढत नाही. वर्षानुवर्षे साठवलेली पुंजी मुलाच्या शिक्षणासाठी मोडायची वेळ येते, तेव्हा त्यातला किती वाटा आयकराला जातो, आणि तो का जावा?

आपल्या मंडळाच्या पत्रिकेत सीमाप्रश्न, मराठी शाळा, मराठी कागदपत्रे यांवर नेहमी लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. पण घरातल्या पैशाचा हा प्रश्नही तितकाच राजकीय आहे, असे माझे म्हणणे आहे. तो बेंगळूरचा नाही आणि मुंबईचाही नाही, तो दिल्लीचा आहे. म्हणून आपल्या खासदारांना त्याचे उत्तर विचारता येते.

माझा मुद्दा थोडक्यात असा. आपला आयकर कायदा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्याला ओळखतो, घर बांधणाऱ्याला ओळखतो, विमा उतरवणाऱ्याला ओळखतो. पण अठरा वर्षे पोटाला चिमटा घेऊन साठवणाऱ्या आणि ते पैसे खरोखरच कॉलेजच्या फीसाठी काढणाऱ्या आईबापाला तो सहसा ओळखत नाही.

आधी कायद्याविषयी एक खुलासा. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो आणि कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. वाचकांच्या कानांवर ‘८० सी’, ‘८० ई’ हीच नावे असल्याने मी येथे जुनेच क्रमांक वापरतो.

भरताना काय मिळते

८० सी कलमाखाली दोन मुलांची ट्यूशन फी वजावटीस पात्र ठरते, हे पगारदारांना ठाऊक असते. पण या कलमाची एकूण मर्यादा दीड लाख रुपये. ती २०१४ साली ठरली आणि त्यानंतर वाढली नाही. त्याच दीड लाखात प्रॉव्हिडंट फंड, विम्याचा हप्ता, घरकर्जाच्या मुद्दलाची फेड आणि पी.पी.एफ. हे सगळे कोंबायचे. पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला गेला आणि घराचा हप्ता भरला की फीला जागा उरते कुठे?

दुसरे असे की ही वजावट फक्त ट्यूशन फीची आहे. डेव्हलपमेंट फी नाही, देणगी नाही, वसतिगृह नाही, खानावळ नाही. हा फरक पुण्या-मुंबईच्या घराला फारसा जाणवत नाही, कारण त्यांचे मूल घरून डबा घेऊन कॉलेजला जाते. आपल्याला तो जाणवतो, त्याविषयी पुढे लिहितो.

तिसरे, आणि सर्वांत मोठे. २०२० साली करआकारणीची नवी पद्धत आली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मूळ पद्धत ठरली. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत दर कमी आहेत, पण ८० सी नाही आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ८० ई ची वजावटही नाही. म्हणजे पैसे भरताना जी सवलत मिळत होती ती बहुतेकांसाठी संपली. आता प्रश्न उरतो तो पैसे काढतानाचा.

साठवताना आणि काढताना काय होते

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला एक गैरसमज पुन्हा पुन्हा भेटतो. ‘मुलाच्या नावावर ठेव ठेवली की कर लागत नाही ना, साहेब?’ लागतो. अज्ञान मुलाचे व्याज हे आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. जुन्या पद्धतीत त्यातून दर मुलामागे वर्षाला फक्त १,५०० रुपये वगळले जातात. हा आकडा १९९२ सालच्या वित्त कायद्यातला आहे. त्या वर्षी जन्मलेले मूल आज स्वतः पालक झाले असेल, पण १,५०० चे १,५०० च राहिले. नव्या पद्धतीत तर तेही वगळत नाहीत.

मुदत ठेवीचा दुसरा जाच म्हणजे व्याज हातात पडो न पडो, ते दरवर्षी करासाठी मोजले जाते आणि ठराविक रकमेच्या वर गेले की टी.डी.एस. कापला जातो. हिशेब करून पाहा. एक लाख रुपये पंधरा वर्षे ७ टक्के व्याजाने वाढू दिले तर सुमारे २ लाख ७६ हजार होतात. जुन्या पद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या पालकाने उपकर धरून दरवर्षी त्यातून कर भरला, तर हातात सुमारे २ लाख २४ हजार येतात. फरक ५१ हजारांच्या आसपास. एका लाखामागे एवढा. तो पैसा मुलाच्या वह्या-पुस्तकांचा होता.

काही तरुण पालक आता म्युच्युअल फंडात दरमहा रक्कम घालतात. तेथे कर दरवर्षी लागत नाही, विकताना लागतो. पण कॉलेजचा खर्च एकदम येतो, म्हणून युनिटही एकाच वर्षी विकावे लागतात. समभागांच्या फंडांवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे आणि वर्षाला सव्वा लाखाचा नफा करमुक्त आहे. समजा, एखाद्याचे पगाराचे करपात्र उत्पन्न ५ लाख आहे आणि मुलीच्या प्रवेशासाठी त्याने पंधरा वर्षांचे युनिट विकून ६ लाख नफा मिळवला. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ अशी जाहिरात त्याने वाचलेली असते. पगारावर खरोखरच कर येत नाही. पण या नफ्याला ती सूट लागू नाही. सव्वा लाख वगळून उरलेल्या पावणेपाच लाखांवर ५९,३७५ रुपये आणि उपकर धरून ६१,७५० रुपये त्याला भरावे लागतात. ज्या महिन्यात वसतिगृहाची अनामत भरायची, त्याच वर्षी हे.

आपल्या जुन्या घरांची खरी पुंजी मात्र बँकेतही नसते आणि फंडातही नसते. ती दोन-चार गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये असते, नाहीतर आजीच्या पाटल्यांत. ती मोडली तरी भांडवली नफ्यावर कर आहेच. येथे कायद्याचा पक्षपात उघड दिसतो. कलम ५४ एफ म्हणते की प्लॉट किंवा सोने विकून आलेली रक्कम, अटी पाळून, राहत्या घरात घातली तर नफ्यावर कर नाही. तोच प्लॉट मुलीला डॉक्टर करण्यासाठी विकला तर कर आहे. विटा रचल्या तर सूट, माणूस घडवला तर कर. मी घर बांधणाऱ्याच्या विरोधात नाही. पण एकाला दिलेली सवलत दुसऱ्याला का नाही, याचे उत्तर मला कोणत्याही अर्थसंकल्पी भाषणात सापडलेले नाही.

कर्ज काढणारा लाडका

आता याच्या शेजारी शैक्षणिक कर्ज ठेवून पाहा. जुन्या पद्धतीत ८० ई कलमाखाली शैक्षणिक कर्जाचे व्याज वजा होते आणि त्याला रकमेची मर्यादाच नाही. आठ वर्षे ही वजावट मिळते. कर्जात वसतिगृह, पुस्तके, प्रवास सगळे आले तरी त्यावरील व्याज चालते. म्हणजे बँकेला दिलेल्या व्याजावर सरकार सवलत देते आणि बँकेकडून मिळालेल्या व्याजावर कर घेते. शिक्षण तेच, मूल तेच, कॉलेज तेच.

तीही सवलत आपल्या प्रत्येकाच्या उपयोगाची नाही. कर्ज बँकेचे, अधिसूचित वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्था अडीनडीला उभ्या राहतात, मामा-काका उसने देतात. त्यांच्या व्याजाला ८० ई नाही.

परदेशी शिक्षणाच्या बाबतीत हा फरक सरकारने स्वतःच लिहून ठेवला आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने, वित्तसंस्थेकडून कर्ज घेऊन शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशांवरचा टी.सी.एस. पूर्ण काढून टाकला. स्वतःच्या बचतीतून पाठवले तर १० लाखांच्या वरच्या रकमेवर तो ५ टक्के ठेवला. २०२६ च्या अर्थसंकल्पात हा दर २ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले, हे चांगलेच झाले. ही रक्कम विवरणपत्र भरल्यावर करात वळती होते किंवा परत मिळते, हेही खरे. तरीही तोपर्यंत ती अडकून पडते, आणि कर्जदाराला शून्य, बचत करणाऱ्याला मात्र काहीतरी, हे तत्त्व कायमच राहते.

मी बँकेत नोकरी करतो, कर्जे वाढली तर माझ्या बँकेचा धंदा वाढतो. तरीही सांगतो, बावीस वर्षांच्या मुलाने पहिल्या पगाराच्या आधी कर्जाचा हप्ता पाहावा यात समाजाचे भले नाही. ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी शैक्षणिक कर्ज हवेच. पण ज्या आईबापांनी मार्ग तयार केला त्यांना शिक्षा नको.

ज्या योजना आहेत त्यांचे काय

सरकारने काहीच केलेले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. मुलींसाठी २२ जानेवारी २०१५ रोजी सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खाते उघडायचे, पंधरा वर्षे वर्षाला दीड लाखापर्यंत भरायचे. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की आधीच्या वर्षअखेरच्या शिलकेच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. व्याज करमुक्त, काढलेली रक्कमही करमुक्त, आणि हे नव्या पद्धतीतही लागू आहे. ही योजना उत्तम आहे. ज्यांच्या घरी लहान मुलगी आहे आणि अजून खाते नाही, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी पोस्टात किंवा बँकेत जावे.

पण तिचीही बंधने आहेत. एका घरात साधारणपणे दोनच मुलींची खाती. काढायची रक्कम प्रवेशाच्या वेळी लागणारी फी आणि इतर आकार यांच्या पुराव्यापुरती. आणि मुलासाठी अशी योजनाच नाही. मुलींना अधिक मिळाले म्हणून कोणी रागावू नये, त्यांचे देणे फार जुने आहे. मुलांनाही द्या, एवढेच मागणे आहे.

मुलांसाठी उरते पी.पी.एफ. ती १९६८ च्या कायद्याची जुनी, विश्वासाची योजना. व्याज आणि काढलेली रक्कम दोन्ही करमुक्त. पाच वर्षांनंतर उच्च शिक्षणासाठी, एक टक्का कमी व्याज घेऊन, खाते मुदतीपूर्वी बंदही करता येते. मात्र पालकाचे स्वतःचे आणि अज्ञान मुलाचे खाते मिळून मर्यादा दीड लाखच. ज्याला निवृत्तिवेतन नाही, त्या दुकानदाराची किंवा खासगी नोकरदाराची म्हातारपणाची पुंजीही तीच. मुलाच्या फीसाठी बापाचे म्हातारपण मोडायचे, असा त्याचा अर्थ होतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये एन.पी.एस. वात्सल्य आली. नाव गोड आहे, पण मुळात ती निवृत्तिवेतनाची योजना. मूल सज्ञान होईपर्यंत शिक्षणासाठी भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच काढता येते. अठराव्या वर्षी कॉलेजची फी हवी असते, साठाव्या वर्षाची पेन्शन नव्हे.

आणि विमा. ‘चाइल्ड प्लॅन’ म्हणून आपल्या लोकांनी घेतलेल्या पॉलिसी मी रोज पाहतो. अटींत बसणाऱ्या पॉलिसीची रक्कम करमुक्त असते, म्हणून एजंट ती खपवतो. विमा संरक्षणासाठी घ्यावा. शिक्षणाच्या बचतीला करमुक्तीची दुसरी सोपी वाट नाही म्हणून लोक विम्याच्या दारात जातात आणि कमी परताव्यावर समाधान मानतात. हा दोष लोकांचा नाही, कायद्याचा आहे.

सीमाभागाचा हिशेब वेगळा

हा प्रश्न सगळ्या देशाचा आहे, मग आपल्या पत्रिकेत का? कारण त्याचा भार आपल्यावर जास्त पडतो.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली आले. शिक्षणाची सोय इथे नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मुलाला मराठीतून पुढे शिकायचे आहे, मराठीत स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, किंवा ज्याचे नातेगोते आणि पुढची नोकरी पुण्या-कोल्हापूरकडे आहे, तो सीमा ओलांडतोच. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांना तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातील उमेदवार म्हणून सवलत आहे. तिचा लाभ आपल्या कित्येक मुलांनी घेतला. जागा मिळते, पण त्या जागेबरोबर वसतिगृह आणि खानावळही येते.

ज्याचे मूल घरून कॉलेजला जाते त्याचा मुख्य खर्च फी. ज्याचे मूल दुसऱ्या राज्यात राहते त्याचा खर्च फी अधिक खोली, जेवण, प्रवास. ८० सी पहिला भाग पाहते, दुसरा पाहत नाही. पगारदारांना मिळणाऱ्या वसतिगृह भत्त्याची करमुक्त मर्यादा १९६२ च्या आयकर नियमांत दर मुलामागे महिना ३०० रुपये होती आणि पंचवीसहून अधिक वर्षे तशीच राहिली. महिन्याला ३०० रुपयांत पुण्यात आठवडाभराची खानावळही होत नाही. २०२६ च्या नव्या नियमांच्या मसुद्यात ती ९,००० करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा कुठे दिल्लीला वसतिगृह दिसले. तेही जुन्या करपद्धतीत राहणाऱ्या आणि मालकाकडून असा भत्ता मिळणाऱ्या पगारदारापुरते. शेतकरी, दुकानदार, कारागीर यांना काही नाही.

शिक्षण म्हणजे केवळ फी नव्हे, राहण्याजेवण्याची सोय झाली तरच खेड्यातले पोर शिकेल, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्थानाला जे समजले, ते आयकर कायद्याला अजून पुरते समजलेले नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मराठी बांधवांचाही अनुभव वेगळा नसावा. जे कुटुंब आपल्या भाषेच्या राज्याबाहेर स्थिरावले आहे, त्याला मुलाची मराठीशी नाळ टिकवायची तर पदरचे जास्त पैसे घालावे लागतात. म्हणून मी याला भाषेचाही प्रश्न म्हणतो.

दुसरीकडे कसे चालते

आपल्यातल्या अनेकांचे कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. त्यांना विचारा, ते ‘५२९’ खात्याचे नाव सांगतील. तिथल्या करकायद्याच्या ५२९ व्या कलमावरून हे नाव पडले. ते कलम १९९६ साली आले. २००१ च्या कायद्याने शिक्षणासाठी काढलेली रक्कम केंद्रीय करातून मुक्त झाली आणि २००६ साली ती सूट कायमची झाली.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पैसे भरताना केंद्रीय करात वजावट मिळत नाही. आत पैसे वाढतात तोवर कर नाही. फी, पुस्तके, आणि निम्मा वेळ तरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा राहण्याजेवण्याचा खर्च यासाठी काढले तर कर नाही. दुसऱ्या कामाला काढले तर वाढीच्या भागावर नेहमीचा कर आणि वर १० टक्के दंडाचा कर. एका मुलाने शिक्षण सोडले तर खाते भावंडाच्या नावे वळवता येते. म्हणजे सवलत खरोखर शिकवणाऱ्यालाच मिळते.

तिथेही टीका होते. श्रीमंतांनाच याचा अधिक फायदा होतो असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. २०१५ च्या जानेवारीत अध्यक्ष ओबामा यांनी या खात्यांच्या पुढील वाढीवर कर लावण्याचा प्रस्ताव मांडला होता. मध्यमवर्गातून एवढा विरोध झाला की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. यातून दोन धडे घ्यावेत. सवलतीला वरची मर्यादा हवी, आणि मध्यमवर्ग बोलला तर सरकार ऐकते.

आपले मागणे काय असावे

कोणी म्हणेल, आता १२ लाखांपर्यंत कर नाही, मग ही कुरकुर कशाला? वर दाखवलेच आहे की भांडवली नफ्याला ती सूट नाही. शिवाय महागाईबरोबर पगार वाढतो, आणि आज पाळण्यात असलेल्या मुलाची फी अठरा वर्षांनी भरायची आहे. तेव्हाची मर्यादा काय असेल हे कोण सांगणार? कोणी म्हणेल, सवलती काढून कर सोपा करणे हेच धोरण बरे. मला ते तत्त्व मान्य आहे. म्हणून भरतानाची वजावट मी मागतच नाही. मागणे फक्त काढतानाच्या करमुक्तीचे आहे, कारण तिथे खर्चाची पावती असते आणि लबाडीला जागा कमी.

माझ्या मते मागण्या अशा असाव्यात. प्रत्येक मुलासाठी, मुलगा असो वा मुलगी, एक शिक्षण-बचत खाते असावे. ते कोणत्याही बँकेत किंवा पोस्टात उघडता यावे. वर्षाला भरण्याची मर्यादा पी.पी.एफ.पेक्षा वेगळी धरावी, म्हणजे बापाचे म्हातारपण आणि मुलाचे शिक्षण एकमेकांवर आदळणार नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेतील शिक्षणासाठी काढलेली रक्कम करमुक्त असावी आणि त्यात वसतिगृह व खानावळ धरावी. पैसे शिल्लक राहिले तर भावंडाकडे वळवता यावेत. दुसऱ्या कामाला काढले तर व्याजावर कर घ्यावा, त्याबद्दल तक्रार नाही. आणि प्लॉट किंवा सोने विकून त्याच वर्षी किंवा पुढल्या वर्षी मुलाची फी भरली, तर घराला मिळते तशी सूट तेवढ्या रकमेपुरती मिळावी.

हे होईपर्यंत कायद्यात बसणारी एक वाट सांगतो. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याचे उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. आईबापांनी सज्ञान मुलाला दिलेल्या बक्षिसावर करही नाही. त्यामुळे ठेव किंवा फंडाचे युनिट रीतसर मुलाला देऊन, मग त्याच्या नावावर व्याज घेतले किंवा विक्री केली, तर कर बराच कमी होतो. मुलाचे पॅन कार्ड, बक्षिसाचा कागद आणि विवरणपत्र एवढे नीट ठेवावे. ज्यांच्या घरी चार्टर्ड अकाउंटंट येतो त्यांना हे आधीपासून ठाऊक असते. ज्यांच्या घरी येत नाही ते पूर्ण कर भरतात. कायदा एकच असून जाणकाराला एक आणि अजाण माणसाला दुसरा भाव मिळतो, हेही कायदा सुधारण्याचे एक कारण आहे.

२०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि त्याआधी अर्थ मंत्रालय जनतेकडून सूचना मागवते. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने दिवाळीच्या आत ठराव करून निवेदन पाठवावे. त्याची प्रत खासदारांना द्यावी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. पुढल्या निवडणुकीत उमेदवार मत मागायला दारात आले की सीमाप्रश्नाबरोबर हाही प्रश्न विचारावा: मुलाच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांवरचा कर काढण्यासाठी तुम्ही लोकसभेत काय बोलणार? नुसती मान डोलावणाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते या पत्रिकेत छापावे.

सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण दर जूनला आपल्या घरातले एखादे मूल पेटी उचलून कोल्हापूर-पुण्याची गाडी पकडते, ते निकालासाठी थांबत नाही. त्याच्या पेटीत आईबापांनी जे घातले, त्यातला वाटा सरकारने काढून घेऊ नये, एवढे तरी आपण एकमुखाने मागू या.